कोचीचे सरोवर आणि कुड्याची साल

सुरगाण्यासारख्या गावी राहणाऱ्या माणसाला सरोवराचे अप्रूप असावे, यात नवल नाही. आमच्याकडे पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो आणि नार, पार या नद्या ते सारे पाणी पश्चिमेकडे घेऊन जातात. मे महिन्यात त्याच डोंगरांतील बायका डोक्यावर हंडे घेऊन झऱ्याची वाट चालतात. म्हणून एर्नाकुलमच्या धक्क्यावर उभे राहून वेंबनाडचे पाणी प्रथम पाहिले, तेव्हा मी व माझी पत्नी काही वेळ बोललोच नाही. हे सरोवर दक्षिणेस आलप्पुळापर्यंत पसरलेले आहे आणि कोचीपाशी ते समुद्राला मिळते.

मंगला एक्स्प्रेसने नाशिकरोडहून निघालेला प्रवासी कोकणपट्टी उतरून थेट येथे पोहोचतो. पुढे फोर्ट कोचीस जाण्यासाठी पूल आहेत, मोटारी आहेत. तरीही आपण बोटीनेच जावे. सरकारी बोटीचे तिकीट अगदी थोडक्या रुपयांचे असते. शेजारी शाळकरी मुले, मासळीची टोपली, कामावर निघालेल्या बायका. ज्यांना बोट लागते त्यांनीही भिऊ नये. पाणी शांत असते आणि प्रवास अर्ध्या तासाच्या आतला. उजव्या हाताला बोलगट्टी बेटावरील वाडा दिसतो. तो डचांनी 1744 मध्ये बांधला. डावीकडचे विलिंग्डन बेट हे बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून माणसाने उभे केले आहे.

आपल्याकडे वेंगुर्ल्यास डचांची वखार होती, एवढे अनेकांना ठाऊक असते. कोचीत मात्र त्यांनी राज्य केले. 1663 मध्ये त्यांनी हे शहर पोर्तुगीजांकडून जिंकले आणि 1795 मध्ये ते इंग्रजांच्या हाती गेले. सेंट फ्रान्सिस चर्चच्या भिंतींत डचांच्या कबरींच्या शिळा बसविल्या आहेत. वास्को द गामाला प्रथम येथेच पुरले होते. मट्टनचेरीच्या राजवाड्याला ‘डच पॅलेस’ म्हणतात. तो बांधला पोर्तुगीजांनी, डचांनी केवळ दुरुस्त केला. नावे अशीच चिकटतात.

परंतु मी गेलो होतो ते एका ग्रंथासाठी. हेंड्रिक फान रेडे हा 1670 ते 1677 या काळात मलबारातील डचांचा प्रमुख होता. त्याने येथील झाडाझुडपांचा अभ्यास करविला आणि त्यातून ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ सिद्ध झाला. तो 1678 ते 1693 या काळात अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापला गेला. त्यात सातशेहून अधिक वनस्पती आहेत. माहिती देणाऱ्यांत प्रमुख होते सरोवराकाठच्या चेर्तला परिसरातील इट्टी अच्युतन हे वैद्य. त्यांच्याबरोबर होते रंगभट, विनायक पंडित व आप्पू भट हे तिघे कोंकणी वैद्य. या तिघांची 1675 सालची साक्ष पहिल्या खंडात कोंकणी भाषेत, नागरी लिपीत छापलेली आहे.

त्या पानाची प्रत मी सोबत नेली होती. मट्टनचेरीतील कोंकणी वस्तीत, देवळाजवळच्या एका दुकानात, वृद्ध गृहस्थांपुढे ती ठेवली. त्यांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोवा सोडून आलेले. त्यांनी चष्मा पुसला आणि बोट टेकवीत एकेक अक्षर वाचले. काही शब्द त्यांना कळले, काही मला. दोघांनाही न कळलेले बरेच उरले. निघताना त्यांनी विचारले, “तुमच्याकडे अशी माणसे आहेत का?” मी ‘हो’ म्हणालो आणि मनात ओशाळलो.

कारण सांगितले पाहिजे. अनेक वर्षांपूर्वी एका पाड्यावरची आजी जुलाबाने सुकलेला नातू घेऊन माझ्याकडे आली. तीन दिवस तिने त्याला कुड्याच्या सालीचा काढा दिला होता. मूल वाचले. मी मात्र भरल्या दवाखान्यात तिला फैलावर घेतले, जंगली उपायांची टवाळी केली. ती पुढे येत राहिली, पण झाडपाल्याविषयी माझ्यापाशी एक शब्दही बोलली नाही. आता ती हयात नाही.

तोच कुडा ‘हॉर्टस’च्या पहिल्या खंडात चित्रासह आहे. त्याच्या सालीत कोनेसिन नावाचे द्रव्य असते आणि आमांशाच्या जंतूवर त्याचा परिणाम होतो. आजीचे झाड चुकीचे नव्हते. चुकले ते एवढेच की मुलाच्या अंगातले पाणी संपत होते. तुमच्या घरात मुलाला जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजत राहा, अंगावरचे दूध चालू ठेवा, जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्या. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, मूल मरगळले किंवा शौचात रक्त दिसले, तर काढ्याची वाट न पाहता दवाखाना गाठा. हे मी त्या दिवशीही सांगू शकलो असतो, आवाज न चढवता.

फान रेडेला संत ठरविण्याचे कारण नाही. डचांना मिरी हवी होती, आणि सैनिकांसाठी युरोपातून औषधे मागविणे महाग पडत होते. तरीही त्याने नावे विचारली, ती सांगणाऱ्यांच्या लिपीत लिहून घेतली आणि सांगणाऱ्यांची नावेही छापली. 1691 च्या डिसेंबरात तो समुद्रावरच वारला. त्याची कबर सुरतेस आहे, आमच्या सुरगाण्याहून काही तासांच्या वाटेवर. इतकी वर्षे त्या वाटेने रुग्ण पाठवीत होतो, हे मला कोचीहून परतल्यावर उमगले.

गेल्या महिन्यात त्या आजीची सून रक्तदाब तपासायला आली. तपासणी झाल्यावर मी तिला बसवून घेतले आणि सासूबाई कोणकोणती झाडे आणीत असत, असे विचारले. ती प्रथम हसली, मग दाराकडे पाहिले. बाहेर कोणी नाही याची खात्री झाल्यावर तिने हळू आवाजात चार नावे सांगितली. त्यांतली दोन मी कधी ऐकलीही नव्हती. ती मी तिच्या उच्चारानुसार वहीत लिहून घेतली, आणि त्यांच्यापुढे तिचे व तिच्या सासूचे नाव लिहिले. पाने घेऊन ती येत्या बाजाराच्या दिवशी येणार आहे.