क्राट्झचं एवढं काय?

नागपूर

चि. सोनू,


तुझं पत्र पोचलं. तुझ्या गोशेन कॉलेजात ज्या क्लेटन क्राट्झच्या नावाचं वसतिगृह आहे, त्याची हकिगत कळल्यावर तू विचारलंस, "मामा, हा मुलगा उपाशी लोकांना जेवू घालायला गेला आणि कुणाच्या ताटात घास पडायच्या आतच नाहीसा झाला. मग त्याचं एवढं काय?" प्रश्न रोखठोक आहे, तेव्हा उत्तरही आडवळणाने देत नाही.

क्लेटन 1896 साली पेनसिल्व्हेनियातल्या बक्स परगण्यात एका मेनोनाइट शेतकरी घरात जन्मला. आपल्याकडे या लोकांची ओळख धमतरीमुळे. 1899 साली दुष्काळाच्या दिवसांत त्यांचे मिशनरी तिथे आले, आणि धमतरीचा कारभार तेव्हा इथून, नागपुरातूनच चाले. पंथ सोळाव्या शतकातला. बाप्तिस्मा कळत्या वयात, आपखुशीने घ्यायचा. शपथ वाहायची नाही. शस्त्र उचलायचं नाही. या शेवटच्या नियमापायी त्यांनी देश सोडले, पण शेती सोडली नाही. रशियाच्या कॅथरीन राणीच्या राज्यात सैन्यभरतीतून माफी मिळाली, म्हणून प्रशियातली कुटुंबं आजच्या युक्रेनच्या माळरानावर गेली. 1789 मध्ये खोर्टित्सा, 1804 मध्ये मोलोच्ना अशा वसाहती उठल्या आणि माळावर गहू डुलू लागला.

1917 च्या क्रांतीनंतर यादवी पेटली. अराजकवादी माख्नोच्या टोळ्या, बोल्शेविकांविरुद्ध लढणारी गोरी सेना, बोल्शेविकांची लाल सेना, एक गेली की दुसरी. जो येई तो धान्य आणि घोडे ओढून नेई. ऐन पेरणीत दावणीचे बैल गेले तर आपल्याकडे शेतकऱ्याचं जे होईल, तेच तिथे झालं. या वसाहतींची माणसं मदत मागायला अमेरिकेत आली. आपसांत मतभेद असलेले तिथले मेनोनाइट गट त्यामुळे एकत्र बसले आणि जुलै 1920 मध्ये एल्कहार्टला 'मेनोनाइट सेंट्रल कमिटी' उभी राहिली. तुझ्या कॉलेजपासून ते गाव हाकेच्या अंतरावर आहे.

पहिल्या तुकडीत तिघे होते: ओरी मिलर, आर्थर स्लेगल आणि गोशेनचाच विद्यार्थी असलेला क्लेटन. 1 सप्टेंबरला न्यूयॉर्कहून बोट सुटली तेव्हा त्याला 24 वं वर्ष पुरं व्हायचं होतं. कॉन्स्टँटिनोपलहून मिलर आणि तो पुढे मोलोच्नातल्या हाल्बश्टाटला गेले. कोणत्या गावाला काय हवं याची पाहणी झाली. सामानाची सोय लावायला मिलर मागे फिरला. क्लेटन तिथेच थांबला. गोऱ्या सेनेची आघाडी तुटत चालली होती. निघून जा, असं गावकऱ्यांनी सुचवलं, तरी तो राहिला असं सांगतात. लाल सेनेने हाल्बश्टाट घेतलं आणि त्याला पकडून नेलं. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. नोव्हेंबरच्या मध्यात क्रिमियाही पडला आणि मदतीची वाट बंद झाली. घरच्यांना ना शव मिळालं, ना कबर.

इथवर पाहिलं तर तुझं म्हणणं खरं आहे. त्याच्या हातून एकही भाकरी वाटली गेली नाही. त्याला हुतात्मा म्हणून डोक्यावर घेण्यातही मला गोडी वाटत नाही. मरण त्याने मागितलं नव्हतं. तो कामाला गेला होता आणि काम अर्धवट राहिलं, एवढंच.

पण पुढे काय झालं ते बघ. कमिटीने शोकसभेवर भागवलं नाही. दुसरी माणसं पाठवली. ऑल्विन मिलर याने 1921 मध्ये मॉस्कोत सोव्हिएत सरकारशी करार केला. म्हणजे ज्यांच्या सैनिकांनी क्लेटनला नेलं, त्यांच्याच दारात जाऊन अन्न वाटण्याची परवानगी मागितली. ते वर्ष दुष्काळाचं निघालं. मार्च 1922 मध्ये खोर्टित्साला अन्नछत्र सुरू झालं आणि काम भरात आलं तेव्हा रोज पंचवीस हजारांहून जास्त माणसं जेवत होती. त्याच वर्षी नांगरांसह पन्नास फोर्डसन ट्रॅक्टर रवाना झाले.

मला यातलं मोठं वाटतं ते ट्रॅक्टर. घोडे गेल्यावर नुसता शिधा देत राहिलं तर माणूस जगतो, पण पुढच्या वर्षीही रांगेतच उभा राहतो. शेत नांगरून निघालं तर तो रांगेतून बाहेर पडतो. हे शेतकऱ्यालाच सुचणार, आणि पाठवणारी मंडळी बहुतेक शेतकरीच होती. क्लेटन चर्चच्या कामासाठी गेला, पण ते काम त्याच्या एकट्याच्या जिवावर टांगलेलं नव्हतं. पुढेही ही कमिटी टिकली, आणि 1942 मध्ये भारतातही आली.

म्हणून वसतिगृहाला त्याचं नाव देणं मला योग्य वाटतं. जो गेला त्याच्याइतकाच, त्याची जागा रिकामी न ठेवणाऱ्यांचा मान त्या नावात आहे.

तू सुट्टीत सेवाकार्याला जाणार असं लिहिलंयस. जरूर जा. फक्त नाव नोंदवण्याआधी तिथल्या लोकांना दोन गोष्टी विचार: मी परत आल्यावर हे काम कोण पुढे नेणार? आणि ज्यांच्यासाठी जातोय, त्यांच्या हाती पुढच्या हंगामाला काय उरणार? दोन्हींची धड उत्तरं मिळाली तरच हो म्हण.

तुझा,
मामा