एका मोठ्या संख्येनें केलेली फजिती

नववीच्या वर्गांत एके दिवशीं आम्हीं फळ्यावर पांच संख्या लिहिल्या : ३, ५, १७, २५७ व ६५,५३७. यांतील कोणतीहि संख्या घ्यावी, तींतून एक वजा करावा, बाकीचा वर्ग करावा व त्यांत एक मिळवावा, म्हणजे पुढची संख्या हातीं येते. पांचही मूळ संख्या आहेत. एक व स्वतः यांवांचून त्यांस भाजक नाहीं. "आणि ही मालिका अशीच अखंड चालते," असें आम्हीं मोठ्या डौलानें सांगून टाकिलें. फ्रान्समधील थोर गणिती फर्मा यानें सतराव्या शतकांत असेंच मानिलें होतें. आपल्यापाशीं सिद्धता नाहीं, हेंहि त्यानें कबूल केलें होतें. पण त्याचें मत तेवढें आमच्या ध्यानांत राहिलें, कबुली राहिली नाहीं!

"सर, पुढची संख्या आपण भागून पाहिली आहे काय ?" एका मुलानें विचारिलें. पुढची संख्या म्हणजे ४,२९,४९,६७,२९७. चारशें कोटींच्याहि वर ! आम्ही म्हणालों, "बाबा रे, भागीत बसलास तर मिसरूड फुटेल." वर्ग हंसला. मुलगा मुकाट्यानें खालीं बसला.

दिवाळीच्या सुटीनंतर त्याचे वडील वही घेऊन आमच्याकडे आले. पोरानें सुटीभर एक फटाका उडविला नाहीं, भागाकारांनीं कोरी वही भरून टाकिली, ही त्यांची तक्रार. आम्हीं वही उघडली. ३ नें भागून बाकी २, ७ नें बाकी ५, ११ नें पुन्हां ५, १३ नें १०. अशा क्रमानें एकेक मूळ संख्या घेऊन पोर पुढें चालला होता. २ व ५ तेवढ्या त्यानें पाहतांच सोडल्या होत्या. ११४ वा भागाकार ६४१ चा होता. उत्तर ६७,००,४१७; बाकी शून्य.

त्या रात्रीं आम्हीं कपाटांतील जुनीं पुस्तकें काढिलीं. हाच भाजक ऑयलर या गणित्यानें १७३२ सालीं दाखविला होता ! या संख्येच्या मूळ भाजकास ६४ नें भागिलें असतां बाकी १ च उरली पाहिजे, हेंहि त्यानें पुढें सिद्ध केलें. मग १९३, २५७, ४४९ व ५७७ एवढ्याच तपासून पांचव्या खेपेस ६४१ सांपडतो. आमच्या विद्यार्थ्यानें हें अंतर पायीं तोडिलें होतें. (६४१ म्हणजे ५ चा चतुर्थ घात अधिक २ चा चतुर्थ घात, आणि ५ गुणिलें १२८ अधिक १ हि. यांतच खरें कारण दडलें आहे. वरच्या वर्गांतील मुलांनीं तें शोधावें.) त्या पांचांपलीकडे या मालिकेंत एकहि मूळ संख्या अद्याप कोणास सांपडलेली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं वर्गासमोर आपलें विधान मागें घेतलें व खडू त्या मुलाच्या हातीं दिला. तो ६७,००,४१७ ला ६४१ नें गुणूं लागला. एके ठिकाणीं त्याचा हातचा राहिला. तो साऱ्या वर्गानें एकदम ओरडून सांगितला.