काशीच्या गाडीतून नेपाळ, बराखीतून व्हिएतनाम

आमच्या आळीतली परदेश पाहून आलेली पहिली जोडपी देवाच्या निमित्तानं गेली. नव्वदच्या दशकात प्रयाग-काशी-अयोध्या करणारी यात्रा कंपनीची गाडी गोरखपूरवरून सोनौलीला जायची आणि सीमा ओलांडून लुंबिनी, पोखरा करत पशुपतिनाथाला पोचायची. पासपोर्ट नको, व्हिसा नको. 1950 च्या भारत-नेपाळ करारानं एवढी मोकळीक ठेवलेली होती. आई-दादा तसेच गेले. आपण दुसऱ्या देशात आलो हे आईला सीमेवरच्या कमानीनं कळलं नाही, नोटांनी कळलं. आपल्या शंभराला तिकडचे एकशे साठ. हा दर 1993 पासून बांधलेला आहे, पण आईला तो पशुपतिनाथाचाच प्रसाद वाटला. कांद्याचा पैसा असा उभ्या-उभ्या दीडपट झालेला तिनं कधी पाहिला नव्हता.

आता आमचा मुलगा आणि सूनबाई व्हिएतनामला निघालेत. पाठीवर एकेक सॅक, दोघांचं मिळून दीड लाख, त्याच्यावर एक रुपया नाही. रात्री जेवणं झाली की दोघं मोबाइलवरच्या तक्त्यात आकडे भरत बसतात आणि आई माळ ओढता ओढता मधेच एखादा प्रश्न टाकते. पहिला प्रश्न अर्थातच, “तिथं देव कोणता?”

आईच्या यात्रेला तरुण मंडळी भाविकपणा म्हणून बाजूला ठेवतात. मला मात्र ती कमी पैशात जग पाहण्याची फार पक्की रीत वाटते. टपावर वळकट्या आणि पिंपं, सोबत आचारी, शिधा घरचा, मुक्काम धर्मशाळेत. पहिले दोन दिवस दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, मग जिथं गाडी थांबेल तिथं स्टोव्ह पेटायचा. हॉटेलात जेवणं म्हणजे उधळपट्टी. 1972 मध्ये टोनी आणि मॉरीन व्हीलर हे नवं जोडपं लंडनहून निघून इराण, अफगाणिस्तान, भारत असं करत ऑस्ट्रेलियात पोचलं तेव्हा त्यांच्याजवळ 27 सेंट उरले होते. पुढच्या वर्षी त्यांनी स्वस्तात आशिया ओलांडण्यावर एक पुस्तिका छापली आणि त्यातून ‘लोनली प्लॅनेट’ उभं राहिलं. त्यांच्या वाटेनं आलेली गोरी पोरं काठमांडूच्या ठमेल भागात स्वस्त खोल्या शोधत होती, त्याच शहरात आमची माणसं बागमतीच्या काठी सतरंज्या अंथरत होती. काटकसर दोन्हीकडे सारखीच. आमच्याकडच्या कुणी पुस्तक लिहिलं नाही, एवढंच.

खरं परदेश म्हणजे विमानाचं परदेश. तिथं मात्र पैशाच्या आधी परवानगी आडवी यायची. सत्तर-ऐंशीच्या दशकांत हौसेनं बाहेर जाणाऱ्याला ‘फॉरेन ट्रॅव्हल स्कीम’खाली 500 डॉलर मिळायचे, तेही काही वर्षांतून एकदा. खिशात रुपये असले तरी त्यांचे डॉलर करणं सरकारच्या हातात. पु. ल. आणि सुनीताबाई इंग्लंड-युरोप फिरून आले त्याची ‘अपूर्वाई’ 1960 साली पुस्तकरूपानं आली, पूर्वेकडच्या देशांचं ‘पूर्वरंग’ 1963 ला. ती वाचून आमच्यासारख्यांनी घरबसल्या जग पाहिलं, पण वाचल्यावर तिकिटाची चौकशी करावी असं कुणाच्या मनात आलं नाही. 1999 चा फेमा कायदा जून 2000 पासून लागू झाला, 2004 मध्ये माणशी वर्षाला 25,000 डॉलर बाहेर न्यायची मुभा मिळाली आणि आज ती अडीच लाखांवर आहे. अडीच लाख डॉलर आमच्या घराण्यात सात पिढ्यांनी मिळून पाहिले नसतील, ते सोडा. मुद्दा असा की आता ‘जाऊ देतील का’ हा प्रश्नच उरला नाही. व्हिएतनामचा ई-व्हिसा 25 डॉलरना घरी बसून निघतो. थायलंडनं नोव्हेंबर 2023 पासून आणि मलेशियानं डिसेंबर 2023 पासून आपल्याला बिनव्हिशाचं दार उघडलं. उरला तो फक्त हिशेब.

आणि हिशेब आमच्याकडे कांद्यापाशी येऊन थांबतो. ही सहल खरं तर मागेच व्हायची होती. पासपोर्ट काढून झाले होते, माणशी 1,500 भरून. विमानाचे दर पाहून झाले होते. मग 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद झाली आणि भाव कोसळले. कांद्याला परदेशी जाऊ दिलं नाही म्हणून ही दोघंही घरी राहिली. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण वर 40 टक्के शुल्क बसलं. ते पुढे वीसवर आलं आणि 1 एप्रिल 2025 ला संपलं. तेव्हा कुठे तक्ता पुन्हा उघडला गेला. मात्र या खेपेला सूनबाईनं कांद्यावर भरवसा ठेवला नाही. बायकांच्या भिशीत तिनं शेवटचा नंबर मुद्दाम मागून घेतला आणि विमानाचे पैसे तिथून उभे केले. बराखीतल्या कांद्यावर फक्त तिकडचा खर्च.

तारीखसुद्धा शेतानं ठरवली. लावणी डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्च-एप्रिलात. कांदा बराखीत पडला की मे महिना मोकळा. त्यातही 30 एप्रिल आणि 1 मे या दोन दिवसांत व्हिएतनामात राष्ट्रीय सुट्ट्या, गाड्या भरलेल्या आणि खोल्या महाग, म्हणून त्यानंतरचा आठवडा धरला. आषाढात तिकीट आणखी स्वस्त मिळत होतं, पण तेव्हा माळशेजला दरड आली तर मुंबईचं विमान इथंच चुकायचं. ती दोघं तिकडे असताना माझ्या वाट्याला ऊस आणि गाईंचा घास आला आहे. थ्री फेज वीज रात्रीची असली तर भरणं मलाच, आणि आमच्याकडे रात्रीचं भरणं म्हणजे एका हातात बॅटरी आणि कान बिबट्याकडे. व्हिएतनामच्या सहलीचा हा खर्च तक्त्यात कुठे दिसत नाही, हे मी त्यांना एकदा सुनावलं आहे.

दोघांसाठी काटकसरीचं गणित एकट्याहून निराळं असतं, हे मला त्यांच्या चर्चेतून कळलं. हॉस्टेलमध्ये एकट्यानं एक खाट घेणं परवडतं. दोन खाटांच्या पैशात मात्र बऱ्याचदा साध्या होमस्टेची अख्खी खोली मिळते. हनोईहून ह्यूला रात्रीची झोपायची बस घेतली की एका मुक्कामाचं भाडं वाचतं. एटीएममधून थोडे थोडे पैसे काढायचे नाहीत, कारण प्रत्येक वेळी शुल्क लागतं; थायलंडात तर बहुतेक एटीएम परदेशी कार्डावर एका वेळी दोनशेच्या वर बाट कापतात. स्वस्त विमानात हातातलं सामान माणशी 7 किलो, त्यापुढे पैसे. आईनं दिलेली चटणी, लाडू आणि मेतकूट यांचंच वजन त्याच्या निम्म्यावर गेलं. सूनबाईनं कपडे कमी केले, लाडू ठेवले. याला मी शहाणपण म्हणतो. आई माळकरी, तिला पोरांच्या खाण्याची काळजी. तिकडे अमावास्या-पौर्णिमेला पुष्कळ लोक शाकाहार पाळतात आणि निव्वळ शाकाहारी खाणावळी असतात, हे ऐकल्यावर व्हिएतनाम तिच्या लेखी जरा सुधारलं.

या सगळ्यात मला खरा फरक दिसतो तो वेगळाच. दादांच्या कोपरीला आतून चोरखिसा शिवला होता आणि यात्रेचा सगळा पैसा त्यात. किती आहे, किती उरला, हे आईला महिनाभर ठाऊक नव्हतं. गाडीत पुरुष पुढे, बाया मागे. जोडीनं यात्रा केली असं गावात म्हणायचं, पण प्रवासभर दोघांचं बोलणं ‘पाणी आहे का’ आणि ‘गाडी सुटतेय’ एवढंच. आईनं दुधाच्या पैशातून गाठीला मारलेल्या रुपयांची काठमांडूत बॅटरी आणि छत्री घेतली. दादांना त्याचा पत्ता घरी आल्यावर लागला, आणि ते पुढे कित्येक दिवस फुरंगटून होते. माझ्या घरात सून बोट दाखवून म्हणते, “हा बोटीचा दिवस काढा, त्यात चार हजार जातात,” आणि मुलगा काढतो. कधी तो अडतो, मग आवाज चढतात. तरी दोघांपुढे आकडा एकच असतो. जुन्या दिवसांची मला पुष्कळ ओढ आहे, पण चोरखिशाची नाही.

परवा तक्ता पूर्ण झाला. दीड लाखातले काही हजार उरत होते, त्यांचं काय करायचं यावर बोलणं चाललं होतं. आईनं माळ खाली ठेवली.

“आणि मावंद्याचं किती धरलंय?”

काशीहून आल्यावर गंगापूजन करून भावकीला जेवू घालायचं, ही रीत. आई-दादांच्या यात्रेला जेवढा खर्च आला, त्याहून मावंद्याला जास्त आला होता. मुलगा हसायला लागला. सूनबाईनं मात्र तक्त्यात खाली एक नवी ओळ घातली आणि विचारलं, “पानं किती धरू, आई?”

आई बोटांवर घरं मोजायला लागली. वरच्या आळीपासून.