वरचे ओझे

खाणकामाच्या परिभाषेत एक शब्द आहे: ओव्हरबर्डन. खुल्या खाणीत कोळशाच्या थरावर जे जे असते, म्हणजे माती, मुरूम, खडक, ते सारे 'वरचे ओझे'. सुरुंग लावून ते फोडायचे, डंपरांत भरायचे आणि बाजूला रचायचे. चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात असे बोडके, मानवनिर्मित डोंगर कोणालाही दिसतील.

साहित्याचे वाचक म्हणून आम्हांला हा शब्द अस्वस्थ करतो. जमीन ओझे ठरते ती कोळशाच्या बाजूने पाहिले तरच. त्याच मातीत धान पेरणाऱ्याच्या, त्याच रानात मोहफुले वेचणाऱ्याच्या भाषेत तिला ओझे कोण म्हणेल? निवेदक कोठे उभा आहे, हा प्रश्न आम्ही कादंबरीला नेहमी विचारतो. सरकारी अहवालाला मात्र विचारत नाही.

तो विचारायला हवा, कारण या कथेत आम्हीही आहोत. ताडोबाजवळच्या बांदर कोळसापट्ट्याच्या लिलावाला महाराष्ट्राने २०२० साली विरोध केला आणि तो पट्टा लिलावातून वगळला गेला. आम्हांला आनंद झाला. परंतु छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यात, तमनार तालुक्यात, गारे पेलमा सेक्टर-२ हा पट्टा २०१५ सालीच महाराष्ट्राच्या सरकारी वीजनिर्मिती कंपनीला मिळालेला होता. तेथील कोळसा चंद्रपूर, कोराडी आणि परळीच्या वीजकेंद्रांसाठी आहे. या खाणीला २०२२ साली मिळालेली पर्यावरण मंजुरी राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२४ मध्ये रद्द केली. जनसुनावणीतील त्रुटी हे त्याचे एक प्रमुख कारण होते. ऑगस्टमध्ये केंद्राने पुन्हा मंजुरी दिली. जून २०२५ मध्ये ग्रामस्थांचा विरोध असताना पोलीस बंदोबस्तात झाडे पडली.

'जनसुनावणी' हाही वाचण्याजोगा शब्द आहे. जन बोलतात, ऐकणारा ऐकतो की नाही, याविषयी शब्द मौन पाळतो.

आपले वन वाचले म्हणून समाधान मानणे आणि दुसऱ्याच्या वनातून आलेल्या विजेवर रात्री उशिरापर्यंत वाचत बसणे, या दोन्ही गोष्टी आम्ही एकाच वेळी करत आलो आहोत. दिवा विझवून हे ऋण फिटणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या दिव्याखाली आम्ही वाचतो तो कोणाची जमीन 'ओझे' ठरवून पेटला आहे, एवढे वाचायला तरी आम्ही शिकले पाहिजे.