मार्चमधले पाच टक्के

अंबड तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत मी ग्रामसेवक होतो, तेव्हा दिव्यांग निधीची फाईल वर्षातून एकदाच उघडायचो, मार्चमध्ये. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे, असा शासनाचा नियम. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली जेमतेम, त्यामुळे ही रक्कमही तुटपुंजीच. यादीतल्या लोकांत ती समान वाटायची, अंगठे घ्यायचे, फोटो काढायचा. लेखापरीक्षणात कधी शेरा आला नाही, याचा मला अभिमान होता. पैसा संपला की काम झालं, हा समज त्यातूनच पक्का झाला.

यादी तर त्याहून वाईट. शिपायाला सांगितलं, ‘गावातले आंधळे-लंगडे लिहून आण.’ शब्द माझेच. १९ एप्रिल २०१७ पासून नवा दिव्यांग हक्क कायदा लागू झाला होता. आधीच्या कायद्यातले सात प्रकार वाढून एकवीस झाले होते. स्वमग्नता, सिकलसेल, थॅलेसेमिया, पार्किन्सन हे सगळे त्यात आले. परिपत्रक माझ्याच कपाटात होतं. पण आमच्या यादीत रस्त्यावरून जाताना दिसेल तेवढंच अपंगत्व आलं.

आपणहून कुणी आलंच, तर मी म्हणायचो, ‘आधी चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र आणा.’ ते आणायचं म्हणजे मजुरी बुडवून, कुणाला तरी सोबत घेऊन जालन्याचं जिल्हा रुग्णालय गाठायचं. १ जून २०२१ पासून तर अर्ज यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या संकेतस्थळावरूनच करायचा झाला. आमच्या कार्यालयात संगणक होता, परिचालक होता. दोन अर्ज भरून द्यावेत, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

एकदा एक आजी दाखल्यासाठी आल्या होत्या. त्यांची मुलगी मतिमंद. कधी घराबाहेर पडत नसे. जाता जाता म्हणाल्या, “भाऊसाहेब, पोरीचं नाव मतदानाच्या यादीत हाय, तुमच्या यादीत नाई. मतापुरतीच हाय का ती गावात?” कायद्याचं कलम ३७ मी नंतर वाचलं. घरकुलासारख्या योजनांत पाच टक्के आरक्षण आणि त्यातही दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. माझ्या दप्तरात त्या मुलीची नोंदच नव्हती, तर प्राधान्य कुणाला देणार होतो?

माझी तिसरी चूक सिमेंटची, म्हणून ती सगळ्यांना दिसली. कार्यालयाच्या ओट्याला उतार करायचा होता. ओटा तीन फूट उंच. उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे किमान छत्तीस फूट लांबी, मध्ये थांबायला सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना कठडा. समोर रस्ता होता, निधी कमी होता; मी नऊ फुटांत भागवलं. नारळ फोडला, फोटो वर पाठवला. दुसऱ्या दिवशी तीनचाकी सायकलवरून आलेला गावातला एक तरुण खालीच थांबला. म्हणाला, “भाऊसाहेब, तुम्ही बसा अन् चढून दाखवा.” बसलो. हातांनी पायडल मारून दमलो, पण सायकल चढेना. उलट मागे येऊ लागली, तेव्हा त्यानेच कुणाला तरी हाक मारून ती धरायला लावली.

या साऱ्याचं मूळ एकच. ज्यांच्यासाठी आराखडा, त्यांना मी विचारलंच नव्हतं. ‘आमचं गाव, आमचा विकास’च्या आराखड्यात दिव्यांगांच्या रकान्यात मागच्या वर्षीची ओळ उतरवायचो. ग्रामसभाही त्याच तीन फुटी ओट्यावर भरायची.

पुढची ग्रामसभा शाळेच्या मैदानात घेतली. मला वाटलं होतं, लोक वाटपाची रक्कम वाढवून मागतील. त्यांनी मागितली जालन्याला जायला गाडी, शौचालयात धरायला दांडी आणि हात पोहोचेल अशा उंचीवर नळ. गाडीभाड्याचा ठराव झाला. आजींच्या मुलीला प्रमाणपत्र मिळालं, त्यावरून पुढे निराधार योजनेचा अर्जही करता आला. सगळ्यांचं काही झालं नाही. काहींच्या तपासण्या माझी बदली होईपर्यंत लांबल्या.

डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. चांगलंच झालं. पण वरून निघालेला प्रत्येक आदेश शेवटी माझ्यासारख्याच कुणाच्या तरी टेबलावर येतो. माझा तो उतार अजून तिथेच आहे. तो तोडून नवा बांधायला कित्येक वर्षांचे पाच टक्के पुरणार नाहीत. बांधण्याआधी त्या तरुणाला विचारायला मात्र एक पैसाही लागला नसता.