उंबरठा

उद्या सकाळी गिऱ्हाईक येणार म्हणून आज गाडी वर्कशॉपबाहेर उन्हात काढली. 1965 ची एमजीबी, टार्टन रेड रंगाची, कापडी छत मागे दुमडलेलं. येणारे-जाणारे थबकतात; रंग पाहतात, तारांची चाकं पाहतात, क्रोमच्या बंपरवरून हात फिरवतात. मी दार उघडतो आणि खाली बघतो. दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या पोकळ पट्टीला इथे इंग्लंडात ‘सिल’ म्हणतात, म्हणजे आपला उंबरठा. घराच्या उंबरठ्यावर पाय देऊ नये, असं आजी सांगायची. ही गाडी तर सगळीच त्याच्यावर उभी आहे.

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात पाच लाखांवर एमजीबी तयार झाल्या. आधीच्या एमजीएला खाली वेगळी लोखंडी चासी होती. एमजीबीला ती नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. बंद गाडीत काही भार छत पेलतं. उघड्या गाडीला तो आधारच नाही. त्यामुळे पुढचं इंजिन आणि मागचा ॲक्सल यांना एकमेकांशी धरून ठेवायचं काम मधला बोगदा आणि हे दोन उंबरठे करतात.

आणि सडतात तेही हेच. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात. पुढचं चाक तो खारट चिखल मडगार्डच्या आत फेकतं, तिथे तो साचून ओला राहतो आणि गंज हळूहळू उंबरठ्यात शिरतो.

पत्रा ठोकायला मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिकलो. हातात कसब होतं, म्हणून पहिल्या एमजीबीला मी बेधडक हात घातला. गाडी टेकूंवर चढवली, सडका उंबरठा कापला, नवा जोडला. वेल्डिंग देखणं झालं. मग दार लावायला गेलो, तर ते लागेना. उंबरठ्याचा आधार काढल्याबरोबर बॉडी मधे काही मिलिमीटर खचली होती आणि मी ती तशीच खचलेली पक्की करून टाकली होती. सगळं पुन्हा कापावं लागलं.

आता कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी नळ्या तात्पुरत्या वेल्ड करतो. एका वेळी एकच बाजू उघडतो. कारखान्यातले स्पॉट वेल्ड ड्रिलने एकेक करून सोडवतो. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोघांमधला उभा पडदा आणि खालची ‘कॅसल रेल’ असे चार तुकडे मिळून ती पेटी बनते. चार टाके घातले की दार लावून बघायचं, कडेच्या फटीवरून अंगठा फिरवायचा, मगच पुढचे टाके. शेवटी आतल्या पोकळीत मेण फवारायचं आणि भोकं बुजवायची. त्यानंतर ते काम कुणालाच दिसत नाही. मलासुद्धा.

विकताना हेच मला जड जातं. सडक्या उंबरठ्यावर नवा पत्रा चढवून रंग मारला, तरी गाडी काही वर्षं अशीच झळाळते. तशा गाड्या मी उघडल्या आहेत. आत फायबरग्लास निघालं, वर्तमानपत्राचे बोळे निघाले. विक्रीच्या दिवशी त्यांच्यात आणि माझ्या गाडीत फरक दिसत नाही. खऱ्या-खोट्या कामावर रंग सारखाच बसतो. म्हणून मला वाटतं, झाकलेलं उघडं करून दाखवणं हा कारागिराच्या कामाचाच शेवटचा टाका आहे. कापलेल्या प्रत्येक भागाचे फोटो मी फाईलमध्ये लावले आहेत. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकू नये. बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं आहे, रेडिओ बसवताना जपावं. हेही लिहून ठेवलं आहे.

पण फोटोंपेक्षा दार खरं बोलतं. एका बाजूला जॅक लावून गाडी उचलायची. उंबरठा आतून सडलेला असेल तर दाराची फट बदलते, दार अडकतं. धड असेल तर जमिनीवर लागतं तसंच लागतं.

उद्या गिऱ्हाईक आलं की किल्लीच्या आधी मी त्याच्या हातात जॅक देणार आहे.