गालगुंड आणि मुंज

धाकट्या नातवाची मुंज चार दिवसांवर आली असतां थोरल्याचा पुण्याच्या वसतिगृहांतून दूरध्वनी आला. "आजोबा, मी येत नाहीं. माझ्या खोलींतल्या मुलाला गालगुंड झालें आहे."

"तुला कांहीं होतें आहे काय?"

"नाहीं."

सोयरसुतक नसतां घरच्या मंगलकार्यास न येणें हा मला शहाणपणाचा अतिरेक वाटला, व मीं तसें कठोर शब्दांत बोललोंही.

हनुसंधीवर येणाऱ्या कठीण, मंद वेदनेच्या सुजेस सुश्रुतानें 'पाषाणगर्दभ' म्हटलें आहे. तें नांव सांगून मीं तीस वर्षें वर्ग हंसविला. रोगाची चाल मात्र मला नातवानें शिकविली. थुंकीच्या तुषारांतून किंवा उष्ट्या पेल्यांतून शिरलेला विषाणु बहुधा १६ ते १८ दिवस, क्वचित् २५ दिवसपर्यंत, निमूट बसतो. आणि गाल सुजण्याच्या दोन दिवस आधींपासून पुढें पांच दिवस रोगी तो इतरांस देत असतो. म्हणजे धडधाकट दिसणाऱ्या मुलापासूनही भय आहेच! एका खोलींत तीन खाटा व सर्वांत मिळून एक पेला, अशा ठिकाणीं त्याचें फावतें. ग्रीसमधील हिपोक्रेटीसच्या ग्रंथांतही हा रोग नोंदला आहे तो व्यायामशाळेंत जमणाऱ्या तरुणांतच. मोठ्या वयांत तो वृषणांवरही उतरतो. आपल्या घरांत ही गोष्ट कोणी उच्चारीत नाहीं. पण मुलगे परगांवीं पाठवितांना बापानें ती सांगितलेली बरी.

मुंज झाली. दुसऱ्याच दिवशीं सकाळीं नातवाचा उजवा गाल सुजला. मांडवांत माझ्या पुतणीचें सात महिन्यांचें मूल होतें. तो आला असता तर तें त्याच्याच खांद्यावर राहिलें असतें.

सूनबाईनें लशीचें जुनें कार्ड काढलें. पंधराव्या महिन्याची नोंद होती; पांचव्या वर्षाची जागा कोरी. "एकदां टोचली आहे ना, पुन्हां कशाला?" असें तेव्हां म्हणणारा मीच. दोन मात्रांनीं शंभरांत सुमारें ८८ जणांचें रक्षण होतें, एकीनें त्याहून कमी. सरकारतर्फे २०१७ सालीं सुरू झालेल्या लशींत गोवर व रुबेला आहेत, गालगुंड नाहीं. तेव्हां प्रत्येकानें आपल्या मुलांचीं कार्डें एकदां उघडून पाहावीं.

पांच दिवस तो वेगळ्या खोलींत पेजेवर राहिला. आंबटानें कळ उठते, म्हणून लोणचें पाठवूं नका असा निरोप होता. सहाव्या दिवशीं मीं स्वतः दूरध्वनी केला. क्षमा मागण्याची मला संवय नाहीं. मी नुसताच खोकत राहिलों. तोच म्हणाला, "आजोबा, आतां चावतां येतें. मुंजीचे लाडू उरले असतील तर पाठवा."